तीन नळांचा फ्रीझर

आमच्या गॅरेजमध्ये एक डीप फ्रीझर आहे. त्यात आइस्क्रीम नाही, मटार नाहीत, गोठवलेले पराठेही नाहीत. त्यात तीन पिंपं आहेत आणि फ्रीझरच्या कपाळावर ओळीनं तीन नळ आहेत. ग्लास तिरका धरायचा, नळाचा दांडा पुढे ओढायचा, की थंडगार ड्राफ्ट बियर. बास, एवढंच.

हे ऐकल्यावर लोकांचे दोन गट पडतात. पहिल्या गटाच्या चेहऱ्यावर देवदर्शन झाल्यासारखे भाव येतात आणि लगेच विचारणा होते, "मग या शनिवारी काय करतोयस?" दुसरा गट आवाज खाली आणतो आणि विचारतो, "आणि आई-बाबा आले की काय करणार?" दोन्ही गटांना आज एकदाच सविस्तर उत्तर देऊन टाकतो. जरा लांबेल, पण शनिवार आहे. चहा घेऊन बसा.

या प्रकाराला अमेरिकेत 'कीझर' म्हणतात. केग अधिक फ्रीझर, कीझर. (हा संधी मो. रा. वाळिंब्यांच्या व्याकरणात शोधू नका, सापडणार नाही.) केग म्हणजे बियरचं स्टीलचं पिंप. आम्ही राहतो ओरेगनमध्ये, पोर्टलंडच्या शेजारी बीव्हर्टनला, आणि इथे घरी बियर करणं हा आपल्याकडे घरी लोणचं घालण्याइतका साधा उद्योग आहे. कॅस्केड नावाचा जो हॉप्सचा वाण अमेरिकन पेल एलला तो संत्र्याच्या सालीसारखा वास देतो, तो इथूनच दीड-दोन तासांवरच्या कॉर्व्हालिसमध्ये तयार झाला आणि १९७२ मध्ये शेतकऱ्यांना मिळाला. पोर्टलंडमध्ये स्टाइनबार्ट नावाचं घरगुती बियरच्या सामानाचं दुकान सुरू झालं ते १९१८ साली. गंमत म्हणजे ओरेगनमध्ये दारूबंदी लागू झाली होती १९१६ पासून! बंदी असताना सामानाचं दुकान काढणाऱ्या माणसाला माझा साष्टांग नमस्कार.

घरी बियर करायला केंद्रीय कायद्यानं मोकळीक मिळाली ती मात्र बरीच नंतर. १९७८ मध्ये जिमी कार्टर यांनी सही केली आणि घरात दोन प्रौढ माणसं असतील तर वर्षाला २०० गॅलनपर्यंत, विकायची नाही या अटीवर, करमुक्त बियर करता येऊ लागली. २०० गॅलन म्हणजे साडेसातशे लिटरच्या वर. सरकारचा आपल्या क्षमतेवरचा विश्वास पाहून भरून येतं.

बियर करणं हा सगळ्यात मजेचा भाग. कंटाळवाणा भाग त्यानंतरचा. एका खेपेला पाच गॅलन, म्हणजे १९ लिटर बियर होते. ती बाटल्यांत भरायची तर पन्नासेक बाटल्या धुवा, निर्जंतुक करा, भरा, बुचं ठोका. बायकोनं आणि मी दोनदा हे केलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "पन्नास भांडी घासण्यापेक्षा एक मोठं भांडं घेऊ." झालं. प्रोजेक्टची रिक्वायरमेंट इतकी स्पष्ट मला ऑफिसात आजवर कुणी दिलेली नाही.

हे मोठं भांडं म्हणजे कॉर्नी केग. मूळची ही पिंपं कोल्ड्रिंकवाल्यांची. त्यात सरबताचा पाक भरून हॉटेलांत पाठवायचे. पुढे कोल्ड्रिंक कंपन्या प्लास्टिकच्या पिशवीतल्या पाकाकडे वळल्या आणि स्टीलची धडधाकट पिंपं भंगाराच्या भावात बाजारात आली. घरी बियर करणाऱ्यांनी ती उचलली. मोडीत निघालेलं हार्डवेअर घेऊन त्यावर दुसरंच काहीतरी चालवायचं, हे तर आपलं जुनं व्यसन.

आता ही पिंपं थंड ठेवायची कशात? उभ्या फ्रिजमध्ये ठेवता येतात, पण दार उघडलं की गार हवा जड असल्यामुळे भसकन खाली सांडते. आडव्या फ्रीझरचं झाकण वर उघडतं, हवा विहिरीतल्या पाण्यासारखी तळाशीच राहते. शिवाय जाड भिंती, कमी वीज. आणि ऐतिहासिक न्यायही आहे. कार्ल फॉन लिंडे नावाच्या जर्मन इंजिनिअरनं १८७० च्या दशकात शीतकरणाचं यंत्र बनवलं ते म्युनिकच्या श्पाटेन ब्रुअरीच्या पाठबळावर. उन्हाळ्यात बियर थंड कशी ठेवायची हा त्यांचा प्रश्न होता. तेव्हा फ्रीझरमध्ये बियर ठेवणाऱ्याला कुणी हसू नये. मटारच नंतर आले आहेत.

आम्ही सात घनफुटांचा वापरलेला फ्रीझर घेतला. घेण्याआधी पिंपाच्या व्यासाचे पुठ्ठ्याचे गोल कापून घेऊन गेलो आणि विकणाऱ्याच्या गॅरेजमध्ये फ्रीझरच्या तळाशी मांडून बघितले. तीन गोल आरामात बसले आणि कंप्रेसरच्या वरची जी पायरी असते तिच्यावर गॅसच्या सिलिंडरला जागा उरली. विकणारे आजोबा बराच वेळ बघत होते. शेवटी म्हणाले, "किती नळ?" म्हटलं, तीन. त्यांनी दहा डॉलर कमी केले.

आता नळ बसवायचे तर भोकं पाडावी लागणार. आणि इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. आडव्या फ्रीझरच्या भिंतींत भोक पाडायचं नाही! भिंतींच्या आतून रेफ्रिजरंटच्या नळ्या फिरवलेल्या असतात, बाहेरून दिसत नाहीत. ड्रिल एका नळीला लागलं की फुस्स, आणि फ्रीझरचं कपाट होतं. त्यावरचा उपाय सुंदर आहे. झाकण बिजागऱ्यांसकट काढायचं, फ्रीझरच्या काठावर लाकडाची चौकट बसवायची आणि तिच्यावर परत झाकण लावायचं. नळ त्या चौकटीला. मूळ यंत्राला हात न लावता मधे एक लेयर घालायचा. उद्या फ्रीझर बिघडला तर चौकट उचलून दुसऱ्यावर ठेवायची. ही चौकट आम्ही डग्लस फर लाकडाच्या 'दोन बाय सहा'च्या फळ्यांची केली. अमेरिकेतली 'दोन बाय सहा' इंचांची फळी प्रत्यक्षात दीड बाय साडेपाच भरते, हे माहीत असू द्या. देशच मोठा, फळ्या मात्र आखडत्या हातानं.

पुढचा प्रश्न तापमानाचा. फ्रीझरचा जन्म उणे १८ अंशांसाठी झालेला, आणि आपल्याला हवे सव्वातीन-साडेतीन अंश सेल्सिअस. म्हणून बाहेरून एक टेम्परेचर कंट्रोलर लावायचा. त्याची पिन भिंतीत, फ्रीझरची पिन त्याच्यात, आणि त्याचा सेन्सर फ्रीझरच्या आत. तापमान वर गेलं की वीज चालू, खाली आलं की बंद. चार ओळींचा कोड. खुबी सेन्सर कुठे ठेवायचा त्यात आहे. हवेत लोंबकळत ठेवला तर झाकण उघडताक्षणी तो घाबरतो आणि कंप्रेसर दर दोन मिनिटांनी चालू-बंद होऊन लवकर मरतो. सेन्सर पिंपाला चिकटवून वर फोमचा तुकडा बांधायचा. आपल्याला हवेचं तापमान नकोच आहे, बियरचं हवं आहे. मोजायचं काय हे एकदा नीट ठरवलं की निम्मं काम होतं. ही गोष्ट पुढे परत येणार आहे.

आत एक जुन्या डेस्कटॉपमधला १२ व्होल्टचा पंखा, जुन्या राउटरच्या अडॅप्टरवर. कारण गार हवा तळाशी आणि नळ वर. वरची नळी कोमट राहिली की पहिला ग्लास नुसता फेसाचा. पंखा हवा ढवळत ठेवतो. तळाला ओल साचते, तिच्यासाठी ओल शोषणाऱ्या सिलिका जेलचा डबा.

आणि आता गॅस. हा या सगळ्या प्रकरणाचा आत्मा आहे, त्यामुळे इथे जरा थांबतो.

पिंपाला दोन तोंडं असतात. एकातून कार्बन डायऑक्साइड आत जातो, दुसऱ्यातून बियर बाहेर येते. गॅस दोन कामं करतो. बियरमध्ये विरघळतो आणि तिला बाहेर ढकलतो. अकरावीत पाठ केलेला हेन्रीचा नियम आठवतोय का? द्रव जितका थंड आणि दाब जितका जास्त, तितका वायू जास्त विरघळतो. ३८ फॅरनहाइटला म्हणजे साधारण सव्वातीन सेल्सिअसला, १२ पीएसआय दाब ठेवला की आठवड्या-दीड आठवड्यात बियरमध्ये तिच्या आकारमानाच्या अडीचपट वायू मुरतो. पेल एलला तेवढाच लागतो. घाई करायची नाही. लोणचं मुरतंय असं समजायचं.

पण आत १२ पीएसआय जास्तीचा दाब, आणि ग्लासात काहीच नाही. बियर एकदम मोकळ्यावर आली की विरघळलेला वायू उसळून बाहेर पडतो. ग्लासभर फेस. म्हणून पिंपापासून नळापर्यंत मुद्दाम लांब आणि बारीक नळी वापरतात. आतला व्यास ३/१६ इंच. घर्षणानं दाब हळूहळू, वाटेतच खर्ची पडावा आणि बियर नळाशी येईपर्यंत शांत झालेली असावी, हा हेतू. पुस्तकी सूत्र सांगतं की दर फुटाला तीन पीएसआय जिरतात, म्हणजे चार फूट नळी पुरे. अनुभवी माणसं सांगतात, दहा फूट घाला आणि वेटोळं करून पिंपाच्या डोक्यावर ठेवा. आम्ही अनुभवी माणसांचं ऐकलं.

फेस फार येतोय असं दिसलं की पहिला मोह होतो तो गॅसचा दाब कमी करण्याचा. दोन-तीन दिवस बरं वाटतं. मग बियरमध्ये मुरलेला वायू कमी दाबामुळे नळीतच सुटायला लागतो, फेस वाढतो आणि वर बियर मिळमिळीत होते. दाब, तापमान, नळीची लांबी हे तिन्ही एकमेकांना बांधलेले. एकालाच पिळून चालत नाही. दाब आणि तापमान बियरला जे हवं ते ठेवायचं आणि नळीला लांबी द्यायची.

सुरक्षेचं एक सांगतो, कारण हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही. पाच पौंडांच्या सिलिंडरमधला कार्बन डायऑक्साइड पूर्ण बाहेर पडला तर बाराशे लिटरच्या आसपास वायू होतो. तो हवेपेक्षा जड असतो आणि फ्रीझरसारख्या खड्ड्यात साचून राहतो. तेव्हा प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघायचे आणि गळतीची शंका असेल तर झाकण उघडल्या उघडल्या आत डोकं घालायचं नाही.

आता बार. फ्रीझरच्या पुढे ४२ इंच उंचीचा लाकडी ओटा आणि ३० इंची चार स्टुलं. जमिनीपासून नऊ इंचांवर पाय टेकायला लोखंडी पाइप. एवढ्यावर 'बार' म्हणायला हरकत नाही. या उंचीचा एक फायदा असा की माणसं समोरासमोर न बसता शेजारी-शेजारी बसतात. समोरासमोर बसलेली मराठी मंडळी ग्रीन कार्ड, शाळांचं रेटिंग आणि घरांचे भाव यांच्यापलीकडे जात नाहीत. शेजारी बसून दोघंही नळांकडे बघत असली की एखादा हळूच म्हणतो, "लेऑफच्या यादीत माझं नाव आहे बहुतेक." आमच्या ओट्यावर हे वाक्य दोनदा उच्चारलं गेलंय. एच-वनवर असाल तर नोकरी गेल्यावर जास्तीत जास्त ६० दिवस हातात असतात, हा आकडा इथे सगळ्यांना पाठ आहे. अशा वेळी ग्लास अर्धा तास तसाच राहतो, आणि कुणी भरायला जात नाही.

बरं, आता दुसऱ्या गटाचा प्रश्न. आई-बाबा.

पहिली पेल एल मुरत असतानाच आई-बाबांची तिकिटं आली. जूनपासून सहा महिने. मित्रांनी सल्ले दिले. एक म्हणाला, वरून चादर टाक आणि सांग वॉशिंग मशीन आहे. दुसरा म्हणाला, नळ काढून ठेव, चौकटीवर कुंड्या मांड. हे सल्ले देणारे सगळे तिशीच्या आसपासचे, पगारदार, दोन-दोन मुलांचे बाप. पण त्यांना दोष काय द्यायचा? आपण वाढलो तिथे पिणं म्हणजे लपून करायची गोष्ट. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ चा. प्यायची तर परवाना काढा, आणि परवान्यावर जिथे बसता येतं ती 'पर्मिट रूम'. काळ्या काचा, दिवसाढवळ्या अंधार, दारात जाड पडदा. २००९ मध्ये पुण्यात डूलाली सुरू झाली आणि लोक उजेडात, खिडकीशी बसून ताजी बियर प्यायला लागले, हे तसं कालपरवाचं. तोवर काळी पिशवी आणि वर्तमानपत्राचा कागद, ही आपली पद्धत.

माझा प्रश्न थोडा वेगळा होता. माझा धाकटा मामा दारूनं गेला. ४६ व्या वर्षी, लिव्हर निकामी होऊन. मामा बँकेत होता, वेळेवर जायचा, वेळेवर यायचा. घरात कधी तमाशा नाही. तो गेल्यावर माळा आवरताना गाद्यांच्या मागे क्वार्टरच्या रिकाम्या बाटल्या निघाल्या. आईनं आणि मामीनं त्या पोत्यांत भरल्या. मी तेव्हा नववीत होतो, पोती खाली नेऊन द्यायचं काम माझं होतं. तीन पोती होती.

तेव्हा आईसमोर चादर टाकणं किंवा न टाकणं, यात मला विनोद दिसत नव्हता.

मी आधी हिशेब केला. पाच टक्क्यांच्या १९ लिटर बियरमध्ये साडेनऊशे मिली शुद्ध अल्कोहोल असतं. ७५० मिलीच्या व्हिस्कीच्या बाटलीत, ४२.८ टक्क्यांनी, साधारण ३२०. म्हणजे माझ्या एका गोंडस पिंपात तीन खंबे आहेत. बियर म्हणजे काही दारू नव्हे असं आपल्याकडे म्हणतात ना, तिथे हे गणित मांडावं. आणि बाटलीचं एक बरं असतं, ती संपलेली दिसते. पिंप अपारदर्शक. नळ ओढला की येते, ओढला की येते. किती गेली ते पिंप कोरडं पडेपर्यंत कळतच नाही. माळ्यावरच्या बाटल्या निदान मागे राहिल्या होत्या. नळाच्या मागे काहीच राहत नाही.

म्हणून मोजायचं ठरवलं. बाथरूमच्या वजनकाट्यात असतात तसे लोड सेल प्रत्येक पिंपाखाली बसवले, त्यांना एक छोटं वायफायवालं बोर्ड जोडलं. पिंपाचं चारेक किलो वजन वजा केलं की उरलेले किलो म्हणजे जवळपास लिटरच. आणि आकडे दाखवणारा स्क्रीन लपवून फोनमध्ये नाही ठेवला, नळांच्या वर, भिंतीवर लावला. गॅरेजमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला दिसेल असा. बायको म्हणाली, "हे चांगलं आहे. पण मग खोटं बोलायची सोयच राहणार नाही." म्हटलं, तीच तर रिक्वायरमेंट आहे.

आई-बाबा आले. चादर टाकली नाही. दुसऱ्या दिवशी, जेट लॅगमुळे पहाटे चारला उठलेले बाबा गॅरेजमध्ये सापडले. बाबा वीज मंडळातून निवृत्त. आयुष्यात थेंब घेतला नाही, सुपारीही खात नाहीत. त्यांचा पहिला प्रश्न, "कंप्रेसर किती अँपिअर खातो?" दुसरा, "ओलीच्या जागी यंत्र आहे, अर्थिंग बघितलंस का?" पुढच्या आठवड्यात त्यांनी पॉलिश पेपर आणून चौकट घासायला घेतली. म्हणाले, "सुतारकाम बरं आहे, फिनिशिंग इंजिनिअरचं आहे." त्यांच्याकडून ही शिवीच. आता त्या फळीवरून हात फिरवला की काचेसारखी लागते.

आईनं आठ दिवस काही विचारलं नाही. मग एका संध्याकाळी कपडे ड्रायरमध्ये टाकायला आली आणि स्क्रीनसमोर उभी राहिली.

"हा आकडा कसला?"

"पिंपात किती लिटर उरलीय त्याचा."

"सोमवारी साडेसोळा होते. आज चौदाला आलंय."

मी सांगितलं, शुक्रवारी चौघं आले होते, आम्ही दोघं. दोघांनी दुसऱ्यांदा भरून घेतला. आईनं मनात हिशेब केला, ती शिक्षिका होती. "म्हणजे माणशी एकेक नि दोघांना दोन-दोन," ती म्हणाली. हिशेब जुळला होता. मग बराच वेळ तिथेच उभी राहिली आणि म्हणाली, "तुझ्या मामाकडे कधी बाटली दिसलीच नाही रे. दिसली असती तर मोजली तरी असती."

यावर मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं काही नव्हतं.

याचा अर्थ मोजलं म्हणजे सुटलो असा नाही, हे मला कळतं. मामासारख्या माणसाच्या घरात हा बार उभाच राहू नये. त्याला काटा नाही, डॉक्टर हवा होता, आणि आजाराला आजार म्हणणारं घर हवं होतं. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं स्पष्टच सांगितलंय की आरोग्याच्या दृष्टीनं अल्कोहोलचं कुठलंही प्रमाण निर्धोक नाही. त्यामुळे "थोडी चांगली असते" वगैरे मी कुणाला सांगत नाही. मला चव आवडते, करण्यात मजा येते, आणि त्याची किंमत किती हे भिंतीवर लिहिलेलं असतं. ज्या दिवशी तो आकडा कुणी बघू नये असं वाटेल, त्या दिवशी नळ बंद. हे बायकोला सांगून ठेवलंय, तिनंही मला.

तिसऱ्या नळाची गोष्ट सांगायची राहिली. आधी त्यावर बायकोचा स्टाउट यायचा होता, पहिल्या दोन्हीवर एल. आई एकदा म्हणाली, "तीन नळ आहेत आणि मला प्यायला काही नाही." बरोबरच होतं. मग तिसऱ्या पिंपात साधं पाणी भरून त्याला ३० पीएसआयवर ठेवलं. त्यासाठी दुसरा रेग्युलेटर लागला आणि नळी वीस फुटांवर गेली, पण सोडा असा चरचरीत येतो की नाकात जातो. आईनं येताना कोकम आगळाची बाटली आणली होती. ग्लासात दोन चमचे आगळ, साखर, चिमूटभर जिरेपूड, मीठ, आणि वरून नळाचा सोडा. इथे जन्मलेली पोरंसुद्धा रांग लावतात. (बाकीच्या दोन नळांना पोरांसाठी कुलूप आहे, किल्ली बायकोकडे.)

या नळाचा एक उपयोग मला आधी सुचलाच नव्हता. शुक्रवारी ओट्यावर बसलेल्यांपैकी कुणी गाडी चालवणार असतो, कुणाला दिवस गेलेले असतात आणि अजून सांगायचं नसतं, एकानं दोन वर्षांपूर्वी पिणं सोडलंय. पूर्वी पार्टीत यांच्या हातात लाल प्लास्टिकचा कप आणि चार जणांचा आग्रह, "अरे एक घे रे, काय होतंय?" आता त्यांनाही नळाखाली ग्लास धरता येतो. कुणाच्या ग्लासात काय आहे हे विचारायचं कारणच पडत नाही. सगळ्यात लवकर रिकामं होणारं पिंप सोड्याचं आहे, हे काटा सांगतो, मी नाही :)

खर्चाचं विचारणारे बरेच आहेत, म्हणून तोही सांगतो. वापरलेला फ्रीझर, तीन जुनी पिंपं, सिलिंडर, दोन रेग्युलेटर, नळ, लाकूड आणि स्टुलं मिळून आमचे आठशे डॉलरच्या आसपास गेले. विकेंड लागले सहा. पैसे वाचवायचे असतील तर स्टुलं स्वस्तातली घ्या, नळ नको. स्टीलचेच घ्या. आणि दर दोन आठवड्यांनी नळ्या धुवायच्या, यात सूट नाही, नाहीतर ग्लासाला आधी लोण्याचा आणि मग व्हिनेगरचा वास यायला लागतो.

उद्या रविवार, धुण्याचा नंबर माझा आहे. बाबांनी नोव्हेंबरमध्ये परत जाताना स्क्रीनशेजारी भिंतीवर एक वही लटकवून ठेवलीय, दोऱ्याला पेन्सिल बांधून. वीज गेली तर आकडे कुठे राहणार, असं त्यांचं म्हणणं. नळ्या कधी धुतल्या त्याच्या तारखाही तीतच लिहायच्या. मागच्या रविवारच्या नोंदीखाली बायकोनं स्वच्छ अक्षरात लिहिलंय, 'सोडा संपत आला आहे. भरणे.'